मधल्या सुट्टीतला कायदा

"थांबा बाई, माले नही समजनं."

हे वाक्य मावशी ज्या सुरात म्हणायच्या, तो सूर मी नंतर कुणाच्याच तोंडी ऐकला नाही. एखादी गोष्ट कळली नाही हे कबूल करताना तुमचा-माझा आवाज जरा खाली जातो. त्यांचा वर जायचा. रस्त्यात उभं राहून रिक्षा थांबवावी तसं उजव्या हाताचं बोट उभं करून त्या बोलणाऱ्याला थांबवायच्या. समोर हेडमास्तर असोत नाहीतर लस द्यायला आलेली नर्स असो. एकदा त्या नर्सलाच त्यांनी धरलं. "हे औषध लेकराच्या तोंडात टाकता आणि ते इंजेक्शन दंडात देता. याला तोंड, त्याला दंड, असं का?" नर्स घाईत होती. "तसंच असतं, मावशी," म्हणाली. मावशींचं बोट खाली आलं नाही. शेवटी त्या नर्सने बाकावर बसून पाच मिनिटं समजावून सांगितलं, तेव्हा कुठे पुढची रांग सरकली.

सुरतेच्या उधन्यात रेल्वेलाईनच्या अलीकडे आमची मराठी शाळा होती. मुलं बहुतेक खानदेशातून आलेल्या लूम-कामगारांची. मी चौथीचा वर्ग घ्यायचे आणि त्या शिपाईबाई होत्या. घंटा देणं, पाण्याच्या टाक्या भरणं, पहिलीतल्या एखाद्या पोराची चड्डी ओली झाली तर गुपचूप बदलून आणणं, ही त्यांची कामं. मुलं मावशी म्हणायची, म्हणून आम्हीही मावशी म्हणायचो. त्या शिरपूरकडच्या मुसलमान. घरात खानदेशी हिंदी, दाराबाहेर अहिराणी आणि आम्हा शिक्षकांशी बेतशीर मराठी. पदर डोक्यावरून घेऊन दोन्ही कानांमागे खोचलेला असायचा. माझी त्यांची ओळख झाली तेव्हा त्यांनी पन्नाशी ओलांडली होती. नवरा कधीच वारला होता, मुलगा सुरतेजवळच्या सचिन गावी, कापड रंगवण्याच्या एका प्रोसेस हाउसमध्ये कामाला होता.

त्या अडाणी होत्या असं मी म्हणणार नाही. सहीपुरतं आणि गावच्या एसटीच्या पाटीपुरतं मराठी त्यांना लिहिता-वाचता यायचं. मी शिकवत असले की झाडू हातात घेऊन त्या दाराबाहेर रेंगाळायच्या. एकदा अपूर्णांक चालले होते. तास संपल्यावर आत आल्या. "बाई, आठ मोठा का चार मोठा?"

"आठ."

"मग एक छेद आठ लहान कसा?"

मी त्यांच्याच डब्यातली भाकरी घेतली. आधी चार तुकडे केले, मग प्रत्येकाचे दोन. त्यांनी त्यातला एक उचलून बघितला. "हां," म्हणाल्या. "म्हणजे खाणारे जास्त." हे उत्तर मी पुढे चौथीच्या कित्येक वर्गांना दिलं.

मावशींचं आणखी एक काम होतं. त्याचा शाळेशी संबंध नव्हता, आणि मला ते बऱ्याच उशिरा कळलं. त्यांच्या वस्तीत कुठलीही मुसलमान बाई वारली की तिला शेवटची अंघोळ घालायला मावशींना बोलावणं यायचं. हे काम त्या सासूकडून शिकल्या होत्या. प्लेगच्या साली अर्धं सुरत गाठोडी बांधून गावाला पळालं, तेव्हा त्यांच्या गल्लीतली एक म्हातारी दम्याने गेली. प्लेग असेल या भीतीने कुणी दारात येईना. मावशींनी एकटीने तिला धुतलं, कफन घातलं. हे मला त्यांनी नाही, त्यांच्या शेजारणीने सांगितलं. मी विचारलं तर म्हणाल्या, "तिचे केस सरळ होते. लवकर झालं."

केसांचं त्यांना फार होतं. अंघोळ झाली की त्या प्रत्येक बाईचे केस विंचरायच्या, गुंता काढायच्या, मधोमध भांग पाडायच्या. सासू करायची तसंच. बाई घरातून शेवटची निघते, तर नीट निघावी, एवढंच त्यामागे होतं.

मग एक दिवस त्या शाळेत आल्या त्या गप्पच. घंटा दिली, पाणी भरलं, आणि मधल्या सुट्टीत जिन्याच्या पायरीवर बसून राहिल्या. मी जवळ जाऊन बसले, तेव्हा बोलल्या.

आदल्या दिवशी एका मय्यतीला शाळेमागच्या गल्लीतली एक मुलगी आली होती. वीस वर्षांची असेल नसेल. मुलींच्या मदरशातून शिकून नुकतीच घरी आलेली, दुपारी गल्लीतल्या लहान मुलींना घरीच शिकवायची. सगळे तिला आपा म्हणायचे. मावशींनी कंगवा हातात घेतला आणि आपा हळूच म्हणाली, "खाला, मय्यत के बालों में कंघी नहीं करते."

"क्यों?" मावशींनी विचारलं.

आपाने क्षणभर विचार केला आणि खरं ते सांगितलं. "मुझे जितना पढ़ाया, उतना मालूम है. क्यों, वो पूछके बताऊँगी."

हे सांगून मावशी माझ्याकडे बघत राहिल्या. "बाई, एकवीस वर्षं मी कंगवा फिरवतेय. कुणी सांगितलं नाही. मीही विचारलं नाही. सगळ्या जगाला विचारते, सासूला नाही विचारलं." मग त्या एकेका बाईची आठवण काढू लागल्या. नावं नव्हे, केस. एकीचे कुरळे होते, कंगव्याचा दात मोडला होता. एकीचे आजारपणात गळून गेले होते, राहिलेले चार मागे घेऊन बांधले होते. एक पोरसवदा बाळंतीण होती, तिचे गुडघ्यापर्यंत. "या सगळ्यांचं मी काही बिघडवलं का? कुणाला विचारू?"

घंटेची वेळ झाली म्हणून त्या उठल्या.

त्यानंतर दोन गोष्टी झाल्या. पहिली ही की मावशींनी मय्यतीला जाणं बंद केलं. "आधी शिकते, मग हात लावते," असं बोलावायला आलेल्यांना सांगायच्या. लोक चिडले. इतकी वर्षं चाललं, आताच कुठून शिकायचं सुचलं, असंही कुणी ऐकवलं. त्या ऐकून घ्यायच्या आणि दुसऱ्या मोहल्ल्यातल्या एका बाईचा पत्ता द्यायच्या. दुसरी गोष्ट अशी की मधल्या सुट्टीत त्या दिसेनाशा झाल्या. अडीचची घंटा वाजली की मागच्या फाटकातून बाहेर, तीनला घंटेपाशी हजर.

हेडमास्तरांच्या हे लक्षात आलं. मी हजेरीपट घेऊन त्यांच्या खोलीत उभी होते, तेव्हा त्यांनी मावशींना बोलावून विचारलं, "रोज सुट्टीत कुठे जाता?"

"कायदा शिकायला जाते, साहेब."

हेडमास्तरांचा चेहरा बघण्यासारखा झाला. त्या महिन्यात शिपायांच्या कायम होण्यावरून कुरबुर चालली होती. दोन दिवस ते मावशींशी अतिशय अदबीने बोलले, स्वतःचा पाण्याचा ग्लास स्वतः भरून घेतला. तिसऱ्या दिवशी मला बाजूला घेऊन म्हणाले, "बाई, तुमचं आणि त्यांचं बरं जमतं. वकील कोण आहे, जरा काढून बघा."

मी मावशींना विचारलं तर त्यांनी पिशवीतून एक पातळसं, मोठ्या अक्षरांचं पुस्तक काढलं. अरबी मुळाक्षरं. त्या पुस्तकालाच कायदा म्हणतात. आपाकडे सहा-सात वर्षांच्या मुलींच्या ओळीत, शेवटी, भिंतीला टेकून बसून त्या ते शिकत होत्या. आपा मय्यतीचे नियम सांगायला तयार होती. पण मावशीच म्हणाल्या होत्या, की सांगोवांगीचं एकवीस वर्षं केलं, आता अक्षरापासून शिकवा.

हेडमास्तरांना मी खरं काय ते सांगितलं. ते इतके खूश झाले की त्या दिवशी स्टाफरूममध्ये चहा त्यांच्याकडून आला.

आता घशातल्या अक्षराची गंमत सांगते. अरबीत एक अक्षर असं आहे, की ते जिभेने नाही, घशाच्या मधून काढावं लागतं. मावशींना ते येईना. वर्ग झाडताना, टाकी भरताना त्यांचा सराव चालायचा. कोपऱ्यातून एकदम गळा आवळल्यासारखा आवाज आला की नवा शिक्षक दचकायचा. पहिलीची पोरं त्यांच्यामागे तोच आवाज काढत फिरायची, आणि मावशी थांबून लक्ष देऊन ऐकायच्या. "बाई, त्या तिसऱ्या पोरीला बरोबर येतंय. माले नही येत." मी म्हटलं, मी देवनागरीत लिहून देते, वाचायला सोपं जाईल. त्यांनी ते आपाला विचारलं. आपा म्हणाली, तुमच्या लिपीत हा आवाजच नाही, मग लिहिणार कशाने? मावशींना हे फार आवडलं. दुसऱ्या दिवशी मलाच समजावलं, "बाई, तुमच्या पाटीवर ते अक्षर बसत नाही. घशातच बसवावं लागेल."

त्या अक्षरापायीच एकदा घोटाळा झाला. ते जवळजवळ जमत आलं होतं आणि मावशी उठायला तयार नव्हत्या. इकडे तीन वाजले, सव्वातीन झाले, घंटा नाही. शिक्षक चहा पीत राहिले, मुलं मैदानात. हेडमास्तर झोपेतून उठल्यासारखे बाहेर आले तेव्हा तीन वाजून पंचवीस मिनिटं झाली होती. मावशी धापा टाकत फाटकातून आत शिरल्या. सगळ्या शाळेदेखत हेडमास्तर बोलले, मेमो देईन म्हणाले.

"द्या साहेब," मावशी म्हणाल्या. "चूक माझी आहे. पण शिकणं सोडणार नाही. वेळ दुसरी नाही माझ्याकडे. सकाळी सून कामाला जाते, नातवंडं माझ्यावर. संध्याकाळी पाणी येतं. हा अर्धाच तास माझा आहे."

मेमो मिळाला. त्यावर त्यांनी सही केली. मी तिथेच हेडमास्तरांना म्हटलं, मधल्या सुट्टीनंतरची घंटा मी देत जाईन. आमच्या चित्रकलेच्या सरांनी मला नंतर टोमणा मारला, "बाई, बढती झाली म्हणायची तुमची." आणखी एक बाई कुजबुजल्या की त्यांच्या धर्माच्या भानगडीत तू कशाला पडतेस. मला एवढंच दिसत होतं, की माझ्या वर्गात चाळीस मुलं होती आणि घंटेकडे डोळे लावून बसायची. ही एक बाई होती, जिला घंटा वाजूच नये असं वाटत होतं. दोरीचं टोक माझ्या हातात आल्यावर मी कधी दोन, कधी तीन मिनिटं उशीरही करायचे. हे हेडमास्तरांना ठाऊक असावं.

एकवीस वर्षांच्या त्या प्रश्नाचं उत्तर महिन्याभराने आलं. आपाने आपल्या उस्तादबाईंना पत्र लिहून विचारलं होतं. उत्तर असं होतं, की त्या साऱ्या बायकांची अंघोळ झाली, तिच्यात काही उणं राहिलं नाही. कंगवा करायला नको होता, पण मावशींना ते माहीत नव्हतं. आता माहीत झालं, आता करू नये. आणि का, तर विंचरणं ही जिवंत माणसाची सजावट आहे. गेलेल्याला तिची गरज उरत नाही, उलट त्यात त्याचे केस तुटतात. मावशींनी हे मला जसंच्या तसं सांगितलं. पहिला भाग सांगताना डोळे पुसले. दुसरा सांगून झाल्यावर म्हणाल्या, "हे कळलं. पटायला वेळ लागेल."

आपाने त्यांना एक छोटी पुस्तिका दिली होती, मय्यतीला अंघोळ कशी घालावी, कफन कसं करावं याची. ती गुजरातीत होती. सुरतेत राहून मला गुजराती वाचता येत होतं, मावशींना नाही. म्हणून शाळा सुटल्यावर मी रोज एक पान वाचायचे आणि मराठीत सांगायचे. पहिल्या दिवशी मी विचारलं, "हात धुऊ का?"

"हे कुराण नाही बाई, साधं पुस्तक आहे," त्या म्हणाल्या. मग जरा थांबून, "पण धुतले तर बरं."

वाचन काही वेगाने होत नव्हतं. दर दोन ओळींना बोट वर. उजवी बाजू आधी का? पाणी तीनदा का, दोनदा का नाही? अंगावरची चादर काढायची नाही, तर हात आत कसा जाणार? काहींची उत्तरं पुस्तकात होती, काही त्या आपाकडे घेऊन जायच्या. पुस्तिका निम्मी झाली होती तेव्हाची गोष्ट.

मावशींची एक मैत्रीण नवागामला राहायची. घरी बसून साड्यांना लेस लावायचं काम करायची. दोघी एकाच वर्षी खानदेशातून लग्न होऊन सुरतेत आलेल्या. ती बरेच महिने आजारी होती आणि तिने मावशींकडून कबूल करून घेतलं होतं, की मला दुसरं कुणी धुवायचं नाही. एका रविवारी सकाळी मावशी माझ्या दारात उभ्या राहिल्या. पुस्तिका पदरात गुंडाळलेली. मैत्रीण पहाटे गेली होती. आपा लग्नाला भरूचकडे गेलेली, चार दिवस येणार नव्हती.

"बाई, निम्मं राहिलंय," त्या म्हणाल्या. "आज पूर्ण वाचायला लागेल."

मी कणीक मळत होते. हात धुऊन तशीच निघाले.

नवागामच्या त्या घराच्या मागे जरा मोकळी जागा होती, तिथे चादरी बांधून आडोसा केला होता. आत फळीवर मैत्रीण. आत जाणं मला बरोबर वाटलं नाही, मावशींनीही म्हटलं नाही. चादरीच्या अलीकडे एक पालथी बादली ठेवून मी तिच्यावर बसले. एक वयस्क बाई हिंदीत पुटपुटली, ही कोण, आपल्यातली आहे का. मावशी पुस्तिका तिच्यापुढे धरून म्हणाल्या, "तुममें से कौन पढ़ेगा? लो." तिथे वाचता येणारी एकच होती, मैत्रिणीची सतरा-अठरा वर्षांची मुलगी, आणि ती रडून रडून उभीही राहू शकत नव्हती. कुणी हात पुढे केला नाही. मावशींनी पुस्तिका माझ्या हातात दिली.

मी वाचू लागले. एक वाक्य गुजरातीत स्वतःशी, मग मराठीत मोठ्याने. आतून पाण्याचा आवाज यायचा, मग मावशींचा, "पुढे." कधी "पुन्हा." बोरीची पानं घातलेल्या कोमट पाण्याचा वास येत होता. चेहरा, हात, डोकं, पाय. डाव्या कुशीवर वळवून उजवी बाजू. मग उलट. शेवटच्या पाण्यात कापूर. आमच्या दोघींच्या बोलण्याला एक लय आली होती आणि बाहेरच्या बायकाही गप्प झाल्या होत्या.

अंग पुसून झालं. तेवढ्यात ती मुलगी उठून चादरीशी आली. तिच्या हातात कंगवा होता. "खाला, अम्मी की कंघी," ती म्हणाली. "बीमारी में एक महीना बाल नहीं बनाए उसने. उलझे हुए हैं. ऐसे मत भेजो."

माझ्या समोरच्या पानावर पुढची ओळ होती, केस विंचरू नयेत. मी ती बघितली आणि थांबले. खोटं कशाला बोलू, ती ओळ गाळावी असं माझ्या मनात आलं. गुजराती वाचू शकणारी ती एकटी मुलगी, आणि तिला तर तेच हवं होतं. एक ओळ. मावशींना नियम ठाऊक होता, पण ओळ कानावर आली नाही तर त्या पोरीचं ऐकतील, असं वाटलं.

"बाई," आतून मावशींचा आवाज आला, "पुस्तक थांबलं का तुम्ही थांबलात?"

मी ओळ वाचली.

मुलगी हुंदके देऊ लागली. थोड्या वेळाने मावशी म्हणाल्या, "त्याच्या पुढे?"

"केसांचे दोन भाग करावेत आणि पुढे, छातीवर घ्यावेत."

"कशाने करावेत, लिहिलंय?"

मी पान उलटून दोनदा बघितलं. "नाही."

"मग हाताने." आणि त्या मुलीला म्हणाल्या, "कंघी उधर रख, बेटा. अंदर आ. तू इस तरफ बैठ, मैं इस तरफ. धीरे से. एक भी बाल टूटना नहीं चाहिए."

किती वेळ गेला सांगता येत नाही. चादर मध्येच वाऱ्याने हलली, तेव्हा मला क्षणभर दोघींचे हात दिसले. भिजलेल्या सुताचा गुंता सोडवावा तशी बोटं चालली होती, एकेक बट सुटी होत होती. मुलीचं रडणं कधी थांबलं ते कळलं नाही. तिला काम मिळालं होतं.

नंतर मावशी बाहेर आल्या. बोटांची टोकं पाण्याने सुरकुतलेली. माझ्याशेजारी जमिनीवरच बसल्या. "ती ओळ गाळणार होतात ना?"

मी मान हलवली.

"गाळली असती तर मी तुमच्याकडून पुन्हा वाचून घेतलं नसतं," त्या म्हणाल्या. मग माझ्या गुडघ्यावर हात ठेवला. "पण का थांबलात, ते कळलं मला."

त्या दिवसानंतर बोलावणं आलं की मावशी पुन्हा जाऊ लागल्या. कायदा संपायला त्यांना अकरा महिने लागले. शेजारी बसणारी सहा वर्षांची मुलगी चार महिन्यांत संपवून पुढे गेली होती, आणि मावशी तिच्याकडून अभिमानाने पाठ तपासून घ्यायच्या. मग कुराण सुरू झालं. मावशी निवृत्त होईपर्यंत मधल्या सुट्टीनंतरची घंटा माझ्याकडेच राहिली. निरोपाच्या समारंभात हेडमास्तर म्हणाले, "मावशींनी शाळेला काय दिलं, हे..." आणि पुढे त्यांना सुचेना. मावशी पहिल्या रांगेत बसून उत्सुकतेने वाट बघत होत्या. बहुधा त्यांनाही ते जाणून घ्यायचं होतं.

त्या मुला-सुनेबरोबर सचिनला राहायला गेल्या. तिथेही जवळपास शिकवणारी कुणी बाई शोधून काढली होती. वर्षाभराने मी भेटायला गेले. दृष्टी कमी झाली होती, पुस्तक नाकाशी धरून वाचायच्या, पण ते घशातलं अक्षर माझ्यासाठी मुद्दाम काढून दाखवलं. सुंदर आलं. मी निघाले तेव्हा फाटकापर्यंत आल्या आणि तिथे बोट वर झालं.

"बाई, एक विचारायचं राहिलंय. माझं सगळं तुम्ही वाचलंत. तुमच्यात बाई गेली की तिला कोण धुतं? कसं धुतात?"

मी तोंड उघडलं आणि लक्षात आलं, मला सांगता येत नाही. माझी आजी गेली, सासू गेली. दोन्ही वेळा मी बाजूच्या खोलीत रडत बसले होते. आत काय झालं ते मी बघितलं नव्हतं, विचारलंही नव्हतं.

"मला माहीत नाही, मावशी."

"मग विचारून या," त्या म्हणाल्या. "पुढच्या खेपेला सांगा." सुट्टीत माहेरी जाऊन विचारते, असं मी कबूल केलं.

मेच्या सुट्टीत मी अमळनेरला माहेरी गेले. आमच्या भावकीत हे काम माझी थोरली आत्या करायची. मी विचारलं तर आधी माझ्यावर खेकसली, भरल्या घरात अभद्र काय विचारतेस म्हणून. संध्याकाळी स्वतःच ओट्यावर येऊन बसली आणि बोलू लागली. दोन तास बोलली. तेल कुठून लावायचं, पाणी कुणी आणायचं, सवाष्णीला काय, विधवेला काय. तिने सांगितलं, की अंघोळ घालताना ती गेलेल्या बाईशी बोलत असते. घरात कोण कोण आलंय, मुलगा गाडीत बसलाय, गाय व्यायलीय, सगळं सांगते. "गप्प राहून कसं धुवायचं गं?" म्हणाली. इतक्या वर्षांत तिला हे कुणी विचारलं नव्हतं.

जूनमध्ये शाळा उघडली आणि पहिल्याच रविवारी मी सचिनला गेले. दार सुनेने उघडलं. मावशी मेच्या मध्यावर गेल्या होत्या. दोन दिवसांचा ताप, बस. गल्लीतल्या बायकांनीच सगळं केलं. त्यांना मावशींनी गेल्या वर्षभरात शिकवून ठेवलं होतं.

सुनेने मला बसवलं, चहा टाकला. रविवारची सुटी म्हणून ती घरीच होती. मग तिने विचारलं, "बाई, तुम्ही गावाहून आलात? अम्मी म्हणत होती, बाई माझं काम घेऊन गावाला गेल्यात. काय काम होतं?"

मी तिला सांगितलं, काय काम होतं. ती चहाची कपबशी खाली ठेवून माझ्यासमोर बसली. मग मी आत्याचं सगळं बोलणं, ती ओट्यावर येऊन बसली तिथपासून, तिला सांगत गेले. तेलाचं सांगितलं, पाण्याचं सांगितलं, गाईचं सांगितलं. तिने मध्ये एकदाही तोडलं नाही. माझं संपल्यावर ती पदराने तोंड पुसून म्हणाली, "अम्मीला त्या गाईचं आवडलं असतं."